साधी तक्रार

कुठल्याही कंपनीला फोन लावला की सुरुवातीला एक बाई गोड आवाजात सांगते, सेवा सुधारण्यासाठी तुमचं बोलणं रेकॉर्ड केलं जात आहे. आपण तिकडे लक्ष देत नाही. एवढं रेकॉर्ड करून ऐकायला कुणाला वेळ आहे, असंच सगळ्यांना वाटतं. तर मी ऐकते. सांगणारी बाई वेगळी, ऐकणारी बाई मी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, भिंतीकडच्या खुर्चीत, कानाला हेडफोन लावून मी लोकांची गाऱ्हाणी ऐकते आणि जशीच्या तशी टाईप करते. हे काम मिळालं त्या दिवशी नवरा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं माझं फुकटच ऐकलंस. बिल लावायला हवं होतंस."

अशा दिवसांत त्याला विनोद सुचतात याचंच मला नवल वाटायचं. तो खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मशीन चालवतो. मागणी घटली तसं मालकाने आठवड्यातले निम्मे दिवस मशीन बंद ठेवायला सुरुवात केली आणि पगारही निम्म्यावर आणला. घरभाडं मात्र निम्म्यावर आलं नाही. मग सगळे करतात तेच आम्ही केलं. घरबसल्या कमवा, मोकळ्या वेळात कमवा, नुसत्या मोबाईलवर कमवा अशा जाहिरातींच्या मागे लागलो. नवऱ्याने आधी प्रश्नावल्या भरून पाहिल्या. आपण कोणता शाम्पू वापरता, गाडी घ्यायचा विचार आहे का. तो इमानदारीने 'नाही' लिहायचा आणि ते त्याला दुसऱ्याच पानावर हाकलायचे. मग त्याने कपांवर फोटो आणि नावं छापून विकायचं मनावर घेतलं. त्यातले निम्मे कप पलंगाखाली पडून आहेत. 'लाडक्या काकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा' असं लिहिलेल्या कपातून आम्ही चहा पितो. ते काका कोण, कुणाचे, त्यांनी पैसे का बुडवले, काही पत्ता नाही.

मीही काही कमी दिवे लावले नाहीत. कापडी पिशव्या शिवल्या, त्यांचे फोटो काढून टाकले, आणि लोकांनी फोटो फार आवडला म्हणून कळवलं. पिशवी कुणी घेतली नाही. मग न पाहिलेल्या मिक्सरची तारीफ लिहून द्यायचं काम केलं. ते मात्र मनाला लागलं आणि सोडून दिलं. त्यानंतर हे ऐकायचं काम मिळालं. यात निदान खोटं बोलावं लागत नव्हतं. खोटं, खरं, जे काही बोलायचं ते लोक आधीच बोलून मोकळे झालेले असतात.

कामाची रीत अशी. कंपन्यांच्या मदत-क्रमांकांवर आलेले फोन बारीक तुकड्यांत कापतात आणि ते तुकडे उलटसुलट करून आमच्यासारख्या कुठकुठल्या घरांत बसलेल्या माणसांना वाटतात. एक माणूस एका जागी सगळं ऐकू नये म्हणून. तुकडा जेमतेम दोन-चार वाक्यांचा. कोण बोलतोय, कुठल्या कंपनीशी, कशासाठी, काही कळत नाही. दवाखाना, बँक, गॅस, फोन, सगळ्यांची एकच खिचडी. कुणाचं वाक्य 'माझ्या बायकोने' वर तुटतं आणि पुढे बायकोने काय केलं ते भलत्याच गावातली बाई ऐकते. ऐकू आलं नाही तर 'अस्पष्ट' असं एक बटण आहे. ते दाबलं की तुकडा पुन्हा फिरायला जातो, दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडतो. दोन-तीन कानांना तो लागलाच नाही तर कायमचा टाकून देतात.

तुकडे यायचे ते मुख्यतः सकाळी. लॅपटॉपवरच्या कामाच्या पानावर एक निळी पट्टी चमकायची, हेडफोनमध्ये बारीक टिंगटिंग वाजायची, आणि ती सरकत सरकत संपायच्या आत लिहून धाडलं नाही तर गुण कापले जायचे. गुण घसरले की कामच बंद. त्यामुळे पट्टी चमकली की हातातलं असेल ते सोडायचं. उकळतं दूध, दारातला माणूस, चालू फोन, काहीही असो. सकाळची माझी सगळी कामं अशी पुढे ढकलली गेली. कपडे दुपारवर गेले, भाजी संध्याकाळवर गेली, केस विंचरणं, बाबांना फोन करणं, झाडांना पाणी घालणं हे सगळं जमेल तेव्हावर गेलं. दोन झाडं वाळून गेली. मला त्याचं वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

बाबांविषयी सांगायला हवं. माझे वडील एका मोठ्या बसस्थानकावर घोषणा करायचे. चौकशीच्या खिडकीमागच्या छोट्या खोलीत बसून त्यांनी अख्खी नोकरी माईकसमोर काढली. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, असं एकदा सांगायचं आणि लगेच पुन्हा सांगायचं. पहिल्यांदा लोक कान टवकारतात, दुसऱ्यांदा ऐकतात, असं ते म्हणायचे. ती सवय घरी आली आणि मुक्कामालाच राहिली. "मीठ कमी आहे. मीठ कमी आहे." आई असताना तिच्या नाकी नऊ यायचे. ती म्हणायची, मला काय गाडी चुकणार आहे का, एकदा सांगा. आई गेल्यावर ते गावातल्या त्याच दोन खोल्यांत एकटे राहिले. मी एकुलती एक. आमच्या इथून तिकडे जायला सबंध दिवस मोडतो, यायला दुसरा. त्यांच्याकडे मोबाईल आहे, पण तो कपाटात. त्यांचा विश्वास कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या जुन्या फोनवर. स्वतःहून मात्र ते कधी फोन करत नाहीत. तू कामात असशील, तुला मोकळं असेल तेव्हा तू कर, हे त्यांचं ठरलेलं.

त्या सकाळी नवरा घरीच होता. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मोबाईलवर आणखी कुठली तरी प्रश्नावली भरत होता. पट्टी चमकली, मी तुकडा लावला, आणि कानात बाबा बोलायला लागले.

"...वय झालंय आता, मान्य आहे. वय झालंय. पण तुम्ही एकदा तपासून तर घ्या. एकदा तपासून घ्या. तक्रार तशी साधी आहे. आधी रोज सकाळी..."

तुकडा तिथेच संपला.

आवाज ओळखायला मला काही विचार करावा लागला नाही. गाडी लागली आहे, गाडी लागली आहे, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. पण तो आवाज त्या पानावर, त्या पट्टीखाली कसा आला ते कळेना. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. पट्टी सरकत होती. शेवटी हात चालवले आणि लिहून टाकलं. तेसुद्धा एकदाच लिहावं लागतं. एकच वाक्य लागोपाठ दोनदा लिहिलं की पानाला वाटतं आपण नक्कल चिकटवून फसवतोय, आणि ते मजकूर परत फेकतं. म्हणून बाबांची दुसऱ्यांदा म्हटलेली वाक्यं मी गाळली आणि धाडून दिलं. धाडलं की तुकडा नाहीसा होतो. परत ऐकायची सोय नाही.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"बाबा होते."

"कुठे?"

मी कानाकडे बोट दाखवलं. त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो खुर्ची ओढून जवळ आला आणि म्हणाला, "दवाखान्यात फोन केला असेल त्यांनी. तपासून घ्या म्हणजे दुसरं काय?"

मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. तक्रार हा शब्द आमच्या घरात दुखण्यासाठीच वापरत. आईला गुडघ्याची तक्रार होती, आत्याला पित्ताची. वय झालंय म्हणतात, तपासून घ्या म्हणतात, तक्रार साधी आहे म्हणतात. आपल्या दुखण्याला साधं म्हणणारा माणूस तर मला पक्का ठाऊक होता. आधी रोज सकाळी काय होत होतं, जे आता होत नाही? मी हेडफोन काढला आणि त्यांना फोन लावला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"लागला का?" बाबा म्हणाले. "लागला. लागला फोन." गाडी असो की फोन, त्यांच्या लेखी सगळं लागतंच.

"बाबा, बरे आहात ना?"

"मी? मी ठणठणीत. ठणठणीत आहे मी. माझा आवाज येतोय ना नीट?"

"येतोय. का?"

"नाही, सहज विचारलं. तुटत नाही ना मध्ये?"

"नाही. दवाखान्यात फोन केला होता का तुम्ही?"

"दवाखान्यात कशाला करतोय?"

"मग कसली तक्रार आहे?"

मी तक्रार म्हटलं आणि माझीच जीभ चावली. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही यावर मी सही केलेली होती, आणि त्याहून मोठं म्हणजे, तुमचं खासगी बोलणं माझ्या स्वयंपाकघरात पोचलं हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते? पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. "तुझ्या कानावर घालण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "बारीकसारीक चालायचंच. तुझं काम कसं चाललंय?"

मी उत्तर द्यायला गेले आणि समोर पट्टी चमकली. वाटलं, पुढचा तुकडा त्यांचाच असला तर? मी फोन ठेवला आणि हेडफोन चढवला. गॅसचं बिल जास्त आल्याचं कुणीतरी ओरडून सांगत होतं.

आवाज तुटतो का, हे त्यांनी विचारलेलं माझ्या डोक्यात घर करून बसलं. ज्या माणसाने गळ्यावर आयुष्य काढलं त्याला आपला आवाज नीट येतो का हे विचारावं लागतंय, म्हणजे तक्रार गळ्याची आहे. बसस्थानकावरचे त्यांचे एक सहकारी गळ्याच्याच दुखण्याने गेले होते. शेवटी पाटीवर खडूने लिहून बोलायचे. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो काही विनोद करेल असं वाटलं होतं. त्याने केला नाही, आणि त्यामुळे मी जास्त घाबरले.

बाबांच्या घराखाली औषधांचं दुकान आहे. दुकानदाराचा नंबर माझ्याकडे होता. दुपारी त्याला फोन केला.

"सकाळचे हल्ली खाली येत नाहीत ते," तो म्हणाला. "आधी पेपर घ्यायला उतरायचे, तासभर बाकावर बसायचे. आता पेपर मीच वर पाठवतो."

"का उतरत नाहीत?"

"सकाळी वर थांबावं लागतं म्हणाले. आता का, ते मी कसं विचारणार, ताई? मला वाटलं, तब्येत असेल."

"गळ्याचं काही औषध नेतात का?"

"खोकल्याच्या गोळ्या नेतात अधूनमधून. त्या तर मीही खातो."

जिना उतरवत नाही एवढी ताकद गेली, आणि मला ठणठणीत म्हणून सांगतात. मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर रडूही आलं, पण रागाच्या आडून. नवरा म्हणाला, जाऊन ये. मी हिशेब करून पाहिला. जायचं भाडं कुठून आणायचं हा एक प्रश्न होताच, पण चार दिवस पानावर दिसले नाही तर काम जाणार हे नक्की होतं, आणि त्याचा कारखाना पुढच्या महिन्यात चालेल की नाही हे मालकालाही ठाऊक नव्हतं. बाबांना इकडे आणायचं तर झोपवायचं कुठे? कपांच्या खोक्यांवर? आम्ही दोघं त्या एवढ्याशा खोलीत एकमेकांकडे बघत बसलो. हातावर हात धरून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

बाबांना विचारून काही हाती लागणार नाही, हे उघड होतं. पण पुढचा तुकडा कुठेतरी फिरत होता. त्यात सगळं असणार होतं. शिवाय बाबा प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, म्हणजे एकदा हुकलं तरी दुसऱ्यांदा कानावर पडेल, अशी माझी वेडी आशा. मी सकाळी डोळे उघडल्याबरोबर पानासमोर बसायला लागले. जेवढे जास्त तुकडे उरकेन तेवढी बाबा सापडायची शक्यता जास्त. लोकांची दुःखं मी भरभर मार्गी लावत होते. एका बाईची पेन्शन अडली होती, एका मुलाचं खातं गोठलं होतं, कुणाचं पाणी बंद होतं. एरवी मी हळहळले असते. तेव्हा मला प्रत्येकाचा राग यायचा, की हा माझा बाप नाही. घाईत चुका व्हायला लागल्या आणि गुण घसरले. पानावर पिवळी सूचना आली, आणखी घसरलात तर काम बंद.

त्या दिवसांत बाबांना फोन करायचं सकाळी अनेकदा मनात यायचं. पण सकाळ हीच तर तुकड्यांची वेळ. एकदा लावला, तर 'लागला' म्हणेपर्यंत पट्टी चमकली आणि मला ठेवावा लागला.

कंपनीलाही मी लिहिलं. मदत हवी असल्यास इथे लिहा, अशी एक चौकट होती. एका रेकॉर्डिंगमधला माणूस आजारी असावा, तो माझ्या ओळखीचा आहे, बाकीचे तुकडे मला ऐकवता येतील का, असं सरळ लिहिलं. लगेच उत्तर आलं. तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी टाईप करणाऱ्या बाईला हे उत्तर! प्रतिनिधी अजून संपर्क साधतोच आहे.

शेवटी मी गटात विचारलं. हे काम करणाऱ्या बायकांचा मोबाईलवर एक गट आहे. कंपनीला तो चालत नाही, म्हणून त्याचं नाव 'भिशीवाल्या' ठेवलं आहे. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. त्यातल्या एकीला सगळे टाचणी म्हणतात, कारण ती प्रत्येकीच्या चुका टोचून दाखवते. मी लिहिलं, एक म्हातारे गृहस्थ, प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, कुणाला आले होते का?

टाचणीचं उत्तर आलं. "आला होता एक. मला वाटलं रेकॉर्डिंग अडकलंय. अस्पष्ट दाबलं."

"काय म्हणत होते ते?"

"आठवत नाही गं. किती जणांचं लक्षात ठेवू? आला तरी मध्येच तुटतो, असं काहीतरी. तुटतो, तुटतो, हेच दोनदा होतं. तुझे कोण?"

आला तरी मध्येच तुटतो. आवाज. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. बरोबर ठरल्याचा एवढा त्रास मला आयुष्यात कधी झाला नव्हता. आणि टाचणीने अस्पष्ट दाबलं होतं. ज्या माणसाचा आवाज अख्ख्या गावाने विनातक्रार ऐकला, ज्याच्या बोलण्यावर लोकांनी धावत गाड्या पकडल्या, तो अस्पष्ट. आणखी एक-दोघींनी तेच बटण दाबलं की तुकडा कचऱ्यात जाणार होता. मी गटात हात जोडून लिहिलं, पुन्हा आला तर अस्पष्ट दाबू नका, काय म्हणतात ते मला सांगा. कुणी होकाराचा अंगठा टाकला, कुणी टाकला नाही. त्यापलीकडे मी काय करू शकत होते? बसून राहायचं आणि पट्टीकडे बघायचं.

तो तुकडा शेवटी माझ्याकडेच आला. कारखाना चालू असलेला दिवस होता, घरात मी एकटी. मी कणीक मळत होते. पट्टी चमकली तशी पिठाच्या हातांनीच हेडफोन चढवला. तुकड्यावर खूण होती, आधी अस्पष्ट ठरलेला, शेवटची फेरी. लावला.

"...मुलीचा फोन यायचा. रोज सकाळी मुलीचा फोन यायचा. आता येत नाही. आला तरी मध्येच तुटतो. मध्येच तुटतो. ती विसरणाऱ्यातली नाही हो. विसरणाऱ्यातली नाही ती. तुमची लाईनच खराब असणार."

मग एका तरुण मुलीचा, सरावाचा, सौम्य आवाज. "काका, इकडून तर तुमची लाईन..."

तिथे तुकडा संपला.

मी तो पुन्हा लावला नाही. पहिल्यांदाच पुरता ऐकू आला होता. वय झालं होतं ते स्टुलावरच्या फोनचं. तपासून घ्यायची होती ती तार. सकाळी वर थांबायचे ते फोनपाशी. तक्रार साधी आहे, असं ते म्हणाले होते आणि ती साधीच होती. गळा ठणठणीत होता, पाय ठणठणीत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. मी पिठाचे हात समोर धरून नुसती बसून राहिले, आणि पट्टी अर्ध्यावर आल्यावर भानावर आले.

अस्पष्ट दाबून चालणार नव्हतं. शेवटची फेरी होती, तुकडा फेकला गेला असता, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी लिहायला घेतलं. त्यांनी जसं म्हटलं तसं लिहिलं, दोनदा म्हटलेलं दोनदा. धाडलं. पानाने परत फेकलं. मजकुराची पुनरावृत्ती झाली आहे, जादा मजकूर काढा. मी न काढता पुन्हा धाडलं. पुन्हा परत आलं. पट्टीचं टोक राहिलं होतं. 'मुलीचा फोन यायचा' आणि 'मध्येच तुटतो' मधलं एकेक खोडलं. मग 'ती विसरणाऱ्यातली नाही' आणि 'विसरणाऱ्यातली नाही ती', यातलं कोणतं ठेवायचं ते मला ठरवता येईना. दुसरं खोडलं. पानाने मजकूर घेतला आणि हिरवी खूण केली. स्वच्छ काम, असं खाली आलं. बऱ्याच दिवसांनी गुण वाढले.

हेडफोन टेबलावर ठेवला आणि हात न धुताच मी फोन लावला. याही वेळी पहिल्या रिंगलाच उचलला.

"लागला का?"

"लागला, बाबा."

"लागला. छान. आज सकाळीच लागला." त्यांच्या आवाजात केवढा तरी आनंद होता. "स्वच्छ येतोय तुझा आवाज."

"बाबा, तुमची लाईन खराब होती का?"

"होती जराशी. होती. मी सांगितलं त्यांना. सांगितल्याशिवाय कुणी बघत नाही. आता सुधारली असणार."

मला सांगायचं होतं, की लाईन खराब नव्हती बाबा, मी होते. शब्द तोंडात जुळवत होते. तेवढ्यात टेबलावर निळी पट्टी चमकली आणि हेडफोनमधून ती बारीक टिंगटिंग वाजली. मी पट्टीकडे पाहिलं. पिवळी सूचना अजून तिच्या डोक्यावर होती. आज एकही तुकडा सुटता कामा नये, हे मला माहीत होतं. भाड्याची तारीख जवळ आली होती, नवरा कारखान्यात होता तो उद्या असेलच असं नव्हतं. मी फोन कानाशी घट्ट धरला.

टिंगटिंग त्यांनाही ऐकू गेली असणार. माईकसमोर आयुष्य काढलेला माणूस, त्याला मागचे आवाज कळतात.

"तुझं काम आलं वाटतं," ते म्हणाले. "ठेव तू. काम आधी."

"नाही बाबा, बोला ना."

"अगं ठेव. मध्येच तुटला तरी मला काही वाटत नाही. मी म्हणतो, लाईन जुनी आहे. लाईन जुनी आहे, असं म्हणतो मी."

पट्टी सरकत होती.

"उद्या सकाळी करते," मी म्हटलं. "नक्की करते."

"बरं," बाबा म्हणाले. ते त्यांनी एकदाच म्हटलं आणि माझ्याआधी फोन ठेवला.